सरकत्या पट्ट्यावरचे विमान: एका प्रश्नाचा प्रकरण अभ्यास

धावपट्टीच्या जागी तेवढाच लांब-रुंद सरकता पट्टा, म्हणजे एक अवाढव्य ट्रेडमिल बसवली आहे आणि तिच्यावर विमान उभे आहे. विमान पुढे जाऊ लागले की पट्टा तितक्याच वेगाने मागे सरकू लागतो. अशा स्थितीत विमान उड्डाण करू शकेल का? हा प्रश्न चार जणांत विचारला की हमखास दोन तट पडतात, आणि गंमत अशी की भौतिकशास्त्र शिकलेली माणसे दोन्ही तटांत सापडतात. एका तटाचे म्हणणे असते की विमान जागच्या जागी राहील, पंखांवरून वारा वाहणार नाही, म्हणून ते उडणार नाही. दुसरा तट म्हणतो की पट्ट्याचा काही संबंधच नाही, विमान नेहमीसारखे उडेल. प्रश्नातील ‘तितक्याच वेगाने’ हे शब्द कोणाच्या आणि कशाच्या सापेक्ष असलेल्या वेगाबद्दल आहेत, हे ठरवल्याशिवाय कोणत्याही तटाला पूर्ण न्याय देता येत नाही. म्हणून येथे एकच ठरावीक विमान आणि एकच ठरावीक परिस्थिती घेऊन हे प्रकरण शेवटपर्यंत तपासले आहे.

प्रकरणाची मांडणी

विमान म्हणून सेसना १७२ एस हे चार आसनी, एका इंजिनाचे, प्रोपेलरवर चालणारे विमान घेऊ. जगभर वैमानिकांचे प्रशिक्षण या जातीच्या विमानांवर होत असल्याने त्याची आकडेवारी सर्वपरिचित आहे. पूर्ण भारासह त्याचे वस्तुमान सुमारे ११५७ किलोग्रॅम असते, पंखांचे क्षेत्रफळ १६.२ चौरस मीटर, इंजिन १८० अश्वशक्तीचे. समुद्रसपाटीला, वारा पडलेला असताना, ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेग आला की ते जमीन सोडते आणि त्यासाठी त्याला अंदाजे ३०० मीटर धावावे लागते. त्याच्या तीन चाकांपैकी एकालाही इंजिन जोडलेले नसते. ही शेवटची बाब अगदी साधी आहे, पण सगळे प्रकरण तिच्यावरच उभे आहे.

पट्टा धावपट्टीइतका लांब धरला आहे आणि याबाबत गैरसमज होऊ देऊ नये. ट्रेडमिल हा शब्द कानी पडताच व्यायामशाळेतले यंत्र डोळ्यांसमोर येते, आणि मग ‘उडेल’ म्हणणाऱ्यांपैकीही काही जण अशी कल्पना करतात की विमान त्या आखूड पट्ट्यावर एका जागी थरथरत राहील आणि अचानक सरळ वर उचलले जाईल. तसे काहीही होणार नाही. पंखांना वर उचलणारे बल हवेच्या घनतेवर, पंखांच्या क्षेत्रफळावर, पंखांच्या आकारावर व कोनावर आणि हवेच्या सापेक्ष असलेल्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. जमीन, रस्ता किंवा पट्टा यांच्या सापेक्ष असलेला वेग त्या सूत्रात येत नाही. आपल्या विमानाचे वजन सुमारे ११,३५० न्यूटन आहे आणि तेवढे बल पंखांवर निर्माण व्हायचे तर हवेतून ताशी १०० किलोमीटर वेगाने जाण्याला पर्याय नाही. वारा नसेल तर याचा अर्थ बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेसमोरून विमान ताशी १०० किलोमीटरने गेलेच पाहिजे. म्हणजे ‘पंखांवरून वारा वाहिला नाही तर विमान उडणार नाही’ हे पहिल्या तटाचे विधान शंभर टक्के बरोबर आहे. चूक आहे ती त्याच्या आधीच्या पायरीत, विमान जागच्या जागी राहील या गृहीतकात.

चाकाचे काम

हे गृहीतक येते मोटारीवरून. मोटारीचे इंजिन चाके फिरवते, चाके रस्त्याला मागे ढकलतात आणि रस्ता मोटारीला पुढे ढकलतो. रस्ताच मागे पळू लागला तर चाकांनी केलेली सगळी कमाई तो खाऊन टाकतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला मोटार जागेवर उभी दिसते. माणूस ट्रेडमिलवर धावतो तेव्हाही हेच घडते, कारण तोही पायांखालच्या पृष्ठभागालाच मागे रेटत असतो. विमानाचा प्रोपेलर मात्र हवेला मागे फेकतो आणि त्या प्रतिक्रियेतून विमानाला पुढचा रेटा मिळतो. जेट इंजिनाचेही तसेच. रेट्याची ही सारी देवाणघेवाण विमान आणि हवा यांच्यात पार पडते. पट्टा त्या व्यवहारात पक्षकार नाही. चाकांचे काम एवढेच, की विमान पुरेसे वेगात येईपर्यंत त्याचे पोट जमिनीला घासू द्यायचे नाही.

मग पट्ट्याला विमानावर काही परिणाम करायचाच असेल तर त्याच्यापाशी वाट कोणती? एकच वाट आहे: टायर आणि पट्टा यांच्या स्पर्शबिंदूपाशी होणारे घर्षण. मोकळ्या फिरणाऱ्या चाकाच्या बाबतीत हे घर्षण फार थोडे असते, कारण पट्टा मागे ओढू लागताच चाक मुकाट्याने अधिक वेगाने फिरते आणि ती ओढ आसापर्यंत पोहोचूच देत नाही. पायांत चाकांचे बूट घालून ट्रेडमिलवर उभे राहावे आणि समोरच्या भिंतीला बांधलेली दोरी हाताने धरावी. पट्टा हळू चालवला काय किंवा जोरात चालवला काय, जागेवर टिकून राहायला दोरीवर थोडीच ओढ पुरते. आणि दोरी हातांनी आवळत गेले तर पट्टा कितीही मागे पळत असला तरी माणूस पुढे सरकतो. विमानाच्या बाबतीत दोरीच्या जागी हवा आहे. ज्यांना हेही नको असेल त्यांनी टेबलावर लांब कागद पसरून त्यावर खेळण्यातली मोकळ्या चाकांची गाडी ठेवावी, एका हाताने तिला मागून बोट लावून पुढे ढकलावे आणि दुसऱ्या हाताने कागद मागे ओढावा. गाडी बोटाचे ऐकते, कागदाचे नाही.

इतिहासातले एक उदाहरण येथे अगदी चपखल बसते. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉक येथे राइट बंधूंच्या विमानाने पहिले उड्डाण केले तेव्हा त्या विमानाला चाकेच नव्हती. ते लाकडी रुळावरून घरंगळणाऱ्या एका छोट्या गाड्यावर टेकवलेले होते, आणि विमान उचलले गेले तसा तो गाडा खालीच राहिला. शिवाय त्या सकाळी समोरून ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपासचा वारा होता. पहिल्या उड्डाणात विमानाने १२ सेकंदांत १२० फूट अंतर कापले. जमिनीच्या हिशेबाने हा वेग ताशी अवघा ११ किलोमीटर, सावकाश पळणाऱ्या माणसाइतका, पण हवेच्या हिशेबाने ताशी ५० किलोमीटरच्या वर. विमान खालच्या जमिनीचा हिशेब ठेवत नाही हे त्या पहिल्याच दिवशी दिसून आले होते. याचीच दुसरी बाजू प्रत्येक छोट्या विमानतळावर रोज दिसते: उभी करून ठेवलेली हलकी विमाने दोरांनी जमिनीला बांधलेली असतात, कारण वादळी वाऱ्यात जमिनीवरचा वेग शून्य असतानाही पंख उचल घेऊ शकतात.

येथे एक आडवळणाचा आक्षेप निघतो आणि तो लगेच निकालात काढलेला बरा. काही जण म्हणतात की विमान जागेवर राहिले तरी प्रोपेलर पंखांवर वारा फेकतोच, तेवढ्यावर ते उडेल. आपल्या विमानाच्या प्रोपेलरचा व्यास सुमारे १.९ मीटर आहे आणि पंखांचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विस्तार ११ मीटर. त्या झोताखाली पंखांचा मधला थोडासा भाग येतो. आखूड धावपट्टीवरून निघताना वैमानिक ब्रेक दाबून इंजिन पूर्ण ताकदीने चालवतो आणि मग ब्रेक सोडतो. ब्रेक दाबलेले असताना विमान थरथरते, पण उचलले जात नाही.

आकड्यांचा हिशेब

आता ‘तितक्याच वेगाने’ या शब्दांचा पहिला, सरळ अर्थ घेऊ: बाहेरच्या स्थिर जमिनीच्या सापेक्ष विमान ज्या वेगाने पुढे जात असेल त्याच वेगाने पट्टा मागे सरकतो. ३०० मीटर धावून ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर हा वेग येतो, यावरून सरासरी त्वरण सुमारे १.२९ मीटर प्रति सेकंद वर्ग निघते आणि धावण्याचा काळ २१ ते २२ सेकंद. वस्तुमानाने गुणल्यावर विमानाला पुढे नेणारे निव्वळ बल सरासरी १,४९० न्यूटन येते. प्रोपेलरचा रेटा याहून अधिक असतो. हवेची ओढ आणि चाकांचा अवरोध वजा जाऊन उरणारी ही शिल्लक आहे.

पट्टा या शिल्लकीतून किती काढून घेऊ शकतो? कठीण पृष्ठभागावर टायर फिरताना होणारा अवरोध हा चाकांवरील भाराच्या साधारण दोन टक्के धरला जातो, म्हणजे येथे जास्तीत जास्त २२७ न्यूटन. आणि पंख उचल घेऊ लागतात तसा चाकांवरचा भार कमी होत गेल्याने तोही घटत जातो. पट्ट्यामुळे चाके दुप्पट वेगाने फिरतील. हा अवरोध मुख्यतः भारावर अवलंबून असतो आणि वेगाबरोबर तो थोडाच वाढतो, परंतु पट्ट्याच्या बाजूने शक्य तितकी उदार बेरीज करायची म्हणून तो दुप्पट होतो असेच मानू. म्हणजे २२७ न्यूटनची भर. शिवाय चाकांना दुप्पट वेगाने फिरायला लावण्यासाठी त्यांच्या जडत्वावर मात करावी लागेल. तिन्ही चाकांचे फिरण्याच्या दृष्टीने परिणामी वस्तुमान २० किलोग्रॅम धरले तर त्यासाठी आणखी २६ न्यूटन लागतील. एकूण नुकसान २५३ न्यूटन; निव्वळ बल उरते १,२३७ न्यूटन. त्या हिशेबाने विमानाला ३०० ऐवजी सुमारे ३६० मीटर धावावे लागेल. हे पट्ट्याला झुकते माप देऊन काढलेले उत्तर आहे, प्रत्यक्षातला फरक याहून बराच कमी निघेल. या पहिल्या अर्थापुरता निकाल असा की विमान पट्ट्यावर जागेवर राहत नाही, धावपट्टीवरून जाते तसेच ते पट्ट्यावरून पुढे जाते आणि थोडे उशिरा उडते. वैमानिकासमोरचा वेगदर्शक हवेचा दाब मोजून वेग दाखवतो, चाके मोजून नव्हे. त्यामुळे त्याचा काटा नेहमीच्याच आकड्यावर पोहोचतो, आणि काही वेगळे घडत असल्याची जाणीव वैमानिकाला चाकांच्या आवाजावरून झाली तर होईल.

दुसरा अर्थ

‘उडणार नाही’ म्हणणारे जाणकार सहसा या अर्थावर भांडत नाहीत. त्यांचा आग्रह असतो की पट्ट्याचा वेग विमानाच्या नव्हे, तर चाकांच्या वेगाइतका ठेवायचा आहे. हा फरक वरवर किरकोळ दिसतो, पण त्याने प्रश्नाचे स्वरूपच बदलते. चाक घसरत नसेल तर त्याच्या कडेचा वेग म्हणजे विमानाचा पुढचा वेग अधिक पट्ट्याचा मागचा वेग. आता ही बेरीज पट्ट्याच्या वेगाइतकीच असली पाहिजे अशी अट घातली, तर विमानाचा वेग शून्य असल्याखेरीज ती अट पुरी होऊच शकत नाही. म्हणजे विमान हलणार नाही हे उत्तर यंत्राने सिद्ध केलेले नाही. ते प्रश्नाच्या शब्दांत आधीच घालून ठेवलेले आहे. असे नियंत्रक यंत्र खरोखर बनवले तर काय होईल? विमान सेकंदाला एक सेंटीमीटर पुढे सरकले की पट्टा वेग वाढवतो, त्यामुळे चाकाचा वेग वाढतो, म्हणून पट्टा आणखी वेग वाढवतो, आणि पाठशिवणीचा हा खेळ पट्ट्याची मोटर जळेपर्यंत संपत नाही.

तरीही येथे हात झटकून मोकळे होणे मला योग्य वाटत नाही, कारण या अटीच्या पोटात एक रास्त प्रश्न दडलेला आहे: पट्टा कसाही चालवायची मुभा दिली, तर तो विमानाला रोखून धरू शकेल का? तत्त्वतः, होय. मात्र पट्ट्याच्या वेगाने ते काम जवळपास होत नाही; त्यासाठी पट्ट्याचे त्वरण लागते. पट्टा सतत वेग वाढवत राहिला तर चाकांनाही सतत अधिकाधिक वेगाने फिरावे लागते, आणि त्यांचे जडत्व त्याला विरोध करते, म्हणून स्पर्शबिंदूपाशी मागे ओढणारे बल निर्माण होते. १,४९० न्यूटनचे निव्वळ बल निकामी करायला २० किलोग्रॅमच्या परिणामी वस्तुमानासाठी पट्ट्याला प्रत्येक सेकंदाला सुमारे ७५ मीटर प्रति सेकंद वेग वाढवावा लागेल. म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या साडेसात पट. (विमान सुटताना निव्वळ बल या सरासरीपेक्षा अधिक असते, म्हणून सुरुवातीला पट्ट्याला याहूनही घाई करावी लागेल.) टायर घसरून पट्ट्याची ओढ निसटेल असेही नाही, कारण कोरड्या पृष्ठभागावर टायरची पकड याच्या कितीतरी पट बल पेलू शकते. पहिला सेकंद संपताना पट्टा ताशी २७० किलोमीटरने धावत असेल आणि पाचव्या सेकंदाच्या आत तो ध्वनीचा वेग ओलांडेल. नेहमीच्या उड्डाणाला जे २१-२२ सेकंद लागतात तेवढा वेळ विमानाला रोखायचे तर पट्ट्याला सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेग गाठावा लागेल. चाकांचा इतर अवरोध वेगाबरोबर वाढतो हे जमेस धरून आकडा काहीसा खाली येईल. पण टायर त्याआधीच फुटलेले असतील.

आणि येथे पट्टा स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो. कोणताही वेगवान पृष्ठभाग त्याला चिकटून असलेली हवा आपल्याबरोबर ओढत नेतो. पट्टा मागे पळतो, म्हणजे ही हवा विमानाच्या नाकाकडून शेपटीकडे वाहते, म्हणजेच समोरून वारा सुटतो. सेसनाचे पंख शरीराच्या वरच्या बाजूला असल्याने त्या थरातले त्यांच्या वाट्याला कितपत येईल हे पट्टा किती रुंद आणि किती वेळ चालला यावर ठरेल, पण परिणामाची दिशा विमानाला मदत करणारीच आहे.

प्रत्यक्ष चाचणी

या प्रश्नावर एक चाचणी जाहीरपणे झाली. मिथबस्टर्स या अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या ३० जानेवारी २००८ रोजी प्रसारित झालेल्या भागात एक अतिहलके विमान जमिनीवर अंथरलेल्या लांबलचक ताडपत्रीवर उभे करण्यात आले आणि विमान धावू लागताच एका पिकअप ट्रकने ती ताडपत्री उलट दिशेने ओढली. विमान पुढे गेले आणि उडाले. विशेष म्हणजे ते चालवणाऱ्या वैमानिकाचाही आधी अंदाज होता की आपण जागेवरच बसून राहू. वर्षानुवर्षे हाताखाली यंत्र असलेल्या माणसालाही मोटारीची सवय किती फसवू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

चाचणीवर घेतलेला मुख्य आक्षेप असा की ट्रकचा वेग विमानाच्या वेगाशी क्षणोक्षणी जुळवलेला नव्हता, चाकांच्या वेगाशी तर मुळीच नाही. आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे, परंतु पहिल्या अर्थापुरता त्याने निकाल बदलत नाही. पट्ट्याचा वेग बदलल्याने विमानावरील बलात जो फरक पडतो तो वर काढल्याप्रमाणे काहीशे न्यूटनांच्या आत राहतो, मग पट्टा थोडा मागे पडो किंवा थोडा पुढे धावो. दुसऱ्या अर्थाची चाचणी त्या ताडपत्रीने झाली नाही हे खरे. पण जी अट विमान हलताच मोडते, तिची चाचणी कोणत्याच साधनाने होणार नाही.

टायरांची मर्यादा

प्रकरणातली एक व्यावहारिक अडचण अजून उरली आहे, आणि तिच्याकडे दोन्ही तट सहसा दुर्लक्ष करतात. पहिल्या अर्थानुसार सेसना ताशी १०० किलोमीटरने जमीन सोडेल तेव्हा तिची चाके ताशी २०० किलोमीटरच्या हिशेबाने फिरत असतील. अनेक हलक्या विमानांच्या टायरांवर ताशी १२० मैल, म्हणजे सुमारे १९३ किलोमीटर, ही मर्यादा छापलेली असते. ती अगदी शेवटच्या क्षणी, काही किलोमीटरांनी ओलांडली जाईल. अशा टायरांवर हा प्रयोग करायचा तर आधी अधिक क्षमतेचे टायर बसवावे लागतील. मोठ्या जेट विमानाची गोष्ट मात्र गंभीर आहे. बोइंग ७३७ सारखे भरलेले विमान ताशी साधारण २७० किलोमीटरला जमीन सोडते आणि अशा विमानांच्या टायरांची नेहमीची मर्यादा ताशी २२५ मैल, म्हणजे सुमारे ३६० किलोमीटर असते. पट्ट्यावर त्यांना ताशी ५४० किलोमीटरने फिरावे लागेल. विमानाचा स्वतःचा वेग ताशी १८० किलोमीटर होताच मर्यादा संपलेली असेल, आणि तेव्हा विमानाला जमीन सोडायला आणखी ताशी ९० किलोमीटर वेग हवा असेल.